दाबाखालची पाच मिनिटं

सकाळी साडेसातला आमच्या घरात कुणी कुणाचं ऐकत नाही. त्या दिवशीही लेक एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होती, नवरा गालावरचा साबण तसाच ठेवून चहा संपवत होता, आणि अंडी उकळत ठेवून मी डब्याचं झाकण हुडकत होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. दाराला बेल असताना थाप मारणारं आमच्या मजल्यावर एकच माणूस, शेजारच्या शिवणताई. बेल वाजली की नाही हे त्यांना हल्ली नीट ऐकू येत नाही. हाताला लागलेली थाप मात्र कळते.

दार उघडलं. खाली घरातली सैल पॅन्ट, वर गोधडीसारखा जाड पांढरा कोट, कमरेला पांढरा पट्टा. बावन्न वर्षांची बाई, केस विंचरलेले, आणि अंगावर हा अवतार.

“वहिनी, पाच मिनिटं आहेत?”

“आहेत की. काय झालं?”

“झालं काही नाही. माझ्या पोटावर बसायचंय.”

नवऱ्याने कप खाली ठेवला. “कुणी?”

“तुम्ही नाही हो, भाऊ. वहिनींनी. वजनदार आणि विश्वासाचं माणूस बघा, असं आमच्या बाईंनी सांगितलंय. दोन्ही एकत्र मिळेल असं घर मला हेच माहीत.”

“पहिल्याची हमी मी देतो,” नवरा म्हणाला. “दुसऱ्याचं तुमचं तुम्ही बघा.”

लेक खिदळली. शिवणताईही हसल्या, पण नुसत्या तोंडाने. पट्ट्याचं टोक त्या बोटाभोवती गुंडाळत होत्या, परत सोडत होत्या. सुईत दोरा एका झटक्यात ओवणारी ती बोटं मी कधी असा चाळा करताना पाहिली नव्हती. दोघांना घाईघाईने घराबाहेर काढलं, गॅस बंद केला आणि बैठकीच्या खोलीतलं टेबल भिंतीकडे सरकवलं.

त्या उताण्या झोपल्या. मी दोन्हीकडे गुडघे टेकून ओल्या बाकावर बसावं तशी अर्धवट बसले.

“पूर्ण बसा. माझ्यावर दया करू नका.”

मी वजन सोडलं. त्यांचा चेहरा बघता बघता उतरला, ओठ घट्ट मिटले, डोळे माझ्याकडे असूनही मला बघेनात. मी जेमतेम दहा आकडे मोजले असतील, तोच माझ्या मांडीवर त्यांचा हात पडला, एकदा, दोनदा. मला काय कळायचं! मी तशीच बसून राहिले. “उठा,” त्या कशाबशा म्हणाल्या, तेव्हा मी धडपडत उठले.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी नियम सांगितला. “दोनदा थाप मारली की वरच्याने उठायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. या खेळात एवढा एकच नियम सगळे पाळतात.”

“आणि खेळ कसला म्हणे हा?”

“ब्राझिलियन जिउ-जित्सू. जमिनीवरची कुस्ती समजा. खाली अडकलेलं माणूस बाहेर कसं येतं, ते शिकवतात.”

पुढचं मला अर्धं माहीत होतं, अर्धं त्यांनी त्या दिवशी सांगितलं.

वर्षभरापूर्वी त्यांचा उजवा कान मिटायला लागला. आधी शिवणयंत्राचा आवाज लांब गेला. मग उजवीकडून गिऱ्हाईक बोललं की मान वळवावी लागे. मग जिना उतरताना भिंतीला हात टेकावा लागायला लागला. डॉक्टरांचं म्हणणं, कानामागच्या नसेवर गाठ असावी. लहान असली तर नुसतं लक्ष ठेवायचं. मोठी असली तर चेहरा, तोल आणि त्यापलीकडे मेंदू, सगळ्यालाच धोका. लहान की मोठी, हे एमआरआय काढल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि त्या नळकांड्यातून शिवणताई दोनदा पळून आल्या होत्या. पहिल्यांदा चेहऱ्यावर जाळीचा सांगाडा बसवताच. दुसऱ्यांदा आत गेल्या, चाळीसपर्यंत मोजलं आणि ‘बाहेर काढा’ म्हणून हातातला रबरी फुगा दाबला.

झोपेचं इंजेक्शन देतो म्हणाले होते. पण शिवणताईंची आई एका साध्या ऑपरेशनला भूल घेऊन गेली ती उठलीच नाही. त्या विषयावर त्या वाद घालत नाहीत, नुसती मान हलवतात. उघडं मशीनही असतं म्हणे, पण त्यात एवढी बारीक नस दिसत नाही. तिसरी तारीख चौदा दिवसांवर होती. “या वेळी जमलं नाही तर बघू, असं डॉक्टर म्हणत नाहीत,” त्या म्हणाल्या. “नुसतं माझ्याकडे बघतात.”

हे नळकांड्याचं भय कुठून आलं, तेही त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांच्या असताना त्या कपड्यांच्या कारखान्यात कापणीखात्यात होत्या. एक दिवस गोदामातली मांडणी कोसळली आणि कापडाचे तागे अंगावर आले. हाड एकही मोडलं नाही. पण वीस मिनिटं छातीवर कापड, तोंडावर कापड, आणि श्वास घेतला की कापसाची तूस घशात. तेव्हापासून जाड पांघरूण नको, बंद गळ्याचा कपडा नको, लिफ्ट नको. चार मजले त्या जिन्यानेच चढतात. आम्ही समजत होतो तब्येतीसाठी.

कुस्तीचं वेड मात्र धंद्यातून आलं. बाजारामागच्या जुन्या वखारीत हा वर्ग भरतो. तिथले जाड कोट उसवले की साध्या मशीनची सुई मोडते, म्हणून ते ताईंच्या दुकानात येतात. तिथल्या बाई एकदा गठ्ठा घेऊन आल्या. शिवणताईंनी एक कोट उलटापालटा करून सांगितलं, “हा माणूस सारखा खाली असतो.”

बाई चमकल्या. “तुम्ही कुस्ती बघता?”

“मी शिवण बघते. पाठ घासलीय, कॉलरला रोज कुणीतरी लोंबकळतं, आणि गुडघे कोरे करकरीत. वरती बसणाऱ्याचे गुडघे आधी जातात.”

“बरोबर. नवा आहे तो.”

“मग खालचा माणूस रोज उठून परत येतो कसा?”

“उद्या येऊन बघा,” बाई म्हणाल्या.

बघायला गेलेल्या ताई तिथेच रमल्या. बाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. मान आवळायची नाही, डोकं आपटू द्यायचं नाही, एवढ्या अटींवर ती मिळाली. कोटांची दुरुस्ती ताईंकडे, शिकवणी बाईंकडे. पण आता बाई नोकरीच्या प्रशिक्षणासाठी परगावी निघाल्या होत्या, तेराव्या दिवशी परतणार होत्या. म्हणून माझ्या दारावर थाप.

त्याच संध्याकाळी, बाई निघायच्या आत त्यांना गाठायला, मी ताईंबरोबर वखारीत गेले. बसायचंच तर नीट बसावं. निळ्या गाद्या, घामाचा आणि फिनेलचा वास, उंचावर एकच खिडकी. बाई दिवसा पोस्टाच्या खिडकीवर असतात. उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, आवाज बारीक, पण धरलेला हात सोडवून दाखवा म्हटलं तर जमायचं नाही.

“बाहेर चौघांना न घाबरणारी माणसं इथे अंगावर बसलेल्या एकाला घाबरतात,” बाई मला म्हणाल्या. “तुमच्या शेजारीणबाई निदान लपवत तरी नाहीत.”

शिवणताईंनी पिशवीतून खाकी कागद काढले. कपडा बेतायला कापतात तसे पाच कागद, प्रत्येकावर खडूने दोन माणसं. माउंट, म्हणजे वरचा खालच्याच्या पोटावर स्वार. आडवा दाब, म्हणजे वरचा छातीवर आडवा पडलेला. अर्धा गार्ड, खालच्याने वरच्याचा एक पाय आपल्या पायांत अडकवलेला. गार्ड, पाठ जमिनीवर पण दोन्ही पाय मध्ये घालून वरच्याला लांब ठेवलेलं. आणि पाठीवरचा विळखा. घरी खुंटीला टांगून त्यांनी ते तोंडपाठ केले होते.

“कागद सुरेख आहेत,” बाई म्हणाल्या. “झोपा.”

बाई त्यांच्या पोटावर स्वार झाल्या. शिवणताईंनी दोन श्वास तग धरला. मग एकदम दोन्ही हात ताठ करून बाईंना वर ढकलायला लागल्या, पाय झाडायला लागल्या. बाईंनी एक हात अलगद धरला, गिरकी घेतली, आणि तो हात बाईंच्या मांड्यांमध्ये सरळ ताणलेला. थाप पडायच्या आधीच बाईंनी सोडला.

“हात लांब केला की तो माझा झाला,” बाई म्हणाल्या. “कुठे निघाला होतात?”

“बाहेर.”

“छातीखालून थेट बाहेर असा रस्ताच नाही. कोपर आत घ्या. कंबर सरकवा. एक पाय मध्ये. हा झाला अर्धा गार्ड. खालीच आहात, पण आधीपेक्षा बरं. मग दुसरा पाय. गार्ड. अजून खालीच, पण आता मी तुम्हाला दाबत नाही, तुम्ही मला थोपवताय. तुम्ही पाच तुकडे कापून ठेवलेत, ताई. जोडलेत कुठे?”

मला राहवलं नाही. “पण बाई, मशीनमध्ये तर हलायचंच नाही. कंबर सरकवली की फोटो गेला.”

शिवणताईंनी माझ्याकडे बघितलं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. कुणी मोठ्याने म्हणावं, एवढंच नको होतं.

बाई गादीवर मांडी घालून बसल्या. “म्हणून तर सुटका नंतर. घाबरून जो सुटायला जातो तो वाईटातून जास्त वाईटात जातो, आत्ता हात गेला तसा. आधी आहोत तिथे राहायचं. जागा किती आहे, श्वास कुठून येतोय, ते बघायचं. पाच मिनिटं खाली राहता आलं की पुढचं शिकवायला मला कष्टच नाहीत. तेवढी पाच मिनिटं तुम्ही दोघी घरी करा.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “थाप पडली की उठायचं हं.”

“हो, हो,” मी म्हटलं.

रोज सकाळी घर रिकामं झालं की थाप यायची. बैठकीच्या घड्याळाचा सेकंदकाटा समोर. पहिल्या दिवशी वीस सेकंद. दुसऱ्या दिवशी पस्तीस. चौथ्या दिवशी दीड मिनिट. खरं सांगते, मला माझ्या वजनाची भीती वाटायला लागली. जन्मभर ते कमी करायच्या मागे होते, आता ते कुणाच्या तरी पोटावर ठेवायचं काम आलं. त्यांच्या कपाळावर घाम फुटायचा आणि कानाकडे ओघळायचा, तो पुसायलाही मनाई. मध्येच त्यांची नजर माझ्यातून आरपार जायची, आणि मला कळायचं की आत्ता मी नाही, मांडणी आहे वर. रात्री मी नवऱ्याचा हात अंगावरून बाजूला करायला लागले. “तू काय खाली आहेस का?” तो म्हणायचा.

सातव्या दिवशी तीन मिनिटं झाली. माझ्या अंगात उत्साह संचारला. साडेतीन. तीन पन्नास. आणि मांडीवर थाप पडली, दोनदा.

“दहाच सेकंद, ताई,” मी म्हटलं. “चार होतात. दहाच.”

मी उठले नाही.

त्यांनी आणखी दोनदा थाप मारली. मग थांबल्या. हात गालिच्यावर पडले, तळवे वर. त्या ओरडल्या नाहीत, धडपडल्या नाहीत. मी काट्याकडे बघत होते. चार झाल्यावर हसत उठले, तर त्या कुशीवर वळल्या, हातापायांवर रांगत भिंतीपर्यंत गेल्या आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. चेहरा राखेसारखा.

“मी थाप मारली होती,” त्या म्हणाल्या.

“हो, पण बघा ना, चार...”

“मी थाप मारली होती.”

त्यांनी कोट काढला, घडी घातली, त्यावर पट्टा ठेवला आणि गेल्या. दार लावतानाही आवाज केला नाही.

आठव्या दिवशी थाप नाही. नवव्या दिवशीही नाही. साडेसातनंतर मी दाराकडे कान लावून असायची. त्या जिना उतरताना भिंतीवरून हात घासल्याचा आवाज यायचा, तो आता मला पहिल्यापेक्षा सावकाश वाटायला लागला. गाठ वाढत असेल का? आणि माझ्या दहा सेकंदांपायी ही बाई तिसऱ्यांदा त्या मशीनसमोरून परत आली तर? लेकीने विचारलं, “मावशी का येत नाहीत?” मी म्हटलं, “काम असेल.”  

नवव्या दिवशी दुपारी मी त्यांच्या दुकानात गेले. आमच्याच इमारतीच्या तळमजल्याला, रस्त्याच्या बाजूला. आत एक गिऱ्हाईक बाई लांब झगा घालून स्टुलावर उभी होती, शिवणताई गुडघ्यांवर बसून घेराला टाचण्या लावत होत्या. तोंडात टाचण्यांची रांग, गळ्यात मोजपट्टी. मला बघितलं आणि नजर परत घेरावर. मी दारातच उभी राहिले. माफी मागायला आलेल्या माणसाला खुर्ची मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे.

बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी त्यांच्याकडेच बघत राहिले. मोजपट्टीचं टोक त्यांच्या पोटावर लोंबत होतं. एक टाचणी, दुसरी, तिसरी. पट्टी जागची हलत नव्हती. मी मनात मोजायला लागले, सवयच लागली होती. तीस. चाळीस. शेवटची टाचणी लागली, ओठ सुटले, आणि पाण्यातून वर आल्यासारखा त्यांनी श्वास ओढला. पट्टी वर उचलली गेली. मग उशीतल्या नव्या टाचण्या ओठांत, आणि पट्टी पुन्हा गप्प.

ते मिटलेले ओठ. हा चेहरा मी सात सकाळी वरून बघितला होता आणि भीतीचा समजत होते. कामाचा होता.

गिऱ्हाईक गेलं. शिवणताईंनी टाचण्या उशीत खोचल्या.

“ताई, मी चुकले. थाप मारल्यावर उठले नाही.”

त्या टाचण्या एका ओळीत लावत राहिल्या. “गोदामात पण एकजण म्हणाला होता,” त्या म्हणाल्या. “दोनच मिनिटं, माणसं बोलावतो.”

 बाहेर कुणीतरी सायकल उभी करत होतं, ती पडली, त्याने पुन्हा उभी केली.

“तुम्ही वाईट नाही हो, वहिनी,” त्या म्हणाल्या. “तोही वाईट नव्हता. पण माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे ना. तीही चालत नाही म्हटल्यावर मी त्या फुग्यावर तरी कसा विश्वास ठेवू?”

“परत नाही होणार.”

“हं.”

“एक विचारू? टाचण्या तोंडात असताना श्वास कसा घेता?”

“घेत नाही. घेतला तर टाचणी पोटात. मला शिवण शिकवलं त्या बाईंची एक गेली होती, आठवडाभर केळी खाऊन बसल्या होत्या.” जरा हसू आलं, मग गेलं. “का?”

“माझ्याखाली असताना पण घेत नाही तुम्ही.”

त्यांनी बोटं ओठांकडे नेली. तिथे काही नव्हतं, तरी ओठ मिटलेले होते. बोटांनीच त्यांनी ते चाचपले, दुसऱ्याचे असल्यासारखे.

“तेहेतीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “हात गुंतले की तोंड बंद. मी म्हणायचे वजनाने जीव जातो.”

मला वाटलं सापडलं, आता सोपं. तसं कुठलं व्हायला! दुसऱ्या दिवशी थाप आली, मी बसले, त्यांनी मुद्दाम ओठ उघडे ठेवले, आणि बाराव्या सेकंदाला थाप मारली. मी उठले, एवढ्या झटक्यात की गुडघा टेबलावर आपटला.

“उघडलं की तूस आत येते,” त्या म्हणाल्या. दात वाजत होते. “इथे काही नाही हे मला कळतं. घशाला कळत नाही.”

त्या सकाळी आम्ही अकरा वेळा केलं. बारा सेकंद, दहा, पंधरा, परत दहा. अकराही वेळा थाप पडली आणि अकराही वेळा मी उठले. मला वाटतं त्या सकाळी श्वासापेक्षा माझीच परीक्षा चालली होती. दुपारी त्यांनी घरचा गालिचा गॅलरीत झटकून घेतला, आमचाही नेला. तूस कुठे नाही याची खात्री. त्यानंतरच्या दिवशी दोन मिनिटं. त्याच सकाळी मग चार. ओठ मिटले की मी “ओठ” म्हणायची, की ते सुटायचे. त्यांना स्वतःला मिटल्याचं कळायचंच नाही. “माझं पोट हलायचं थांबलंय हे मला कसं कळणार,” त्या म्हणायच्या, “मी तेव्हा खाली टिकायच्या कामात असते.”

बाराव्या दिवशी आम्ही पाच मिनिटं पार केली. आनंद झाला का? झाला, पण दोघींनी दाखवला नाही. घड्याळाकडे पाठ करून चहा प्यायलो.

तेराव्या संध्याकाळी बाई परतल्या. वखारीत शिवणताईंनी इस्पितळाचा कागद पुढे केला. फोटोचे सहा टप्पे, प्रत्येक चार-पाच मिनिटांचा, प्रत्येकाचा आवाज निराळा, मध्ये थोडी शांतता. बाईंनी तो दोनदा वाचला.

“मग आज मीही सहा जागा घेते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सुटायचं नाही. मी बदलेन. बदलताना मधे जी पोकळी राहते ना, तिच्यात एक श्वास घ्यायचा. नवी जागा आली की ती जुनी नाही, एवढं बघायचं.”

पोटावर स्वार. मग गुडघा सरकवून छातीवर आडवा दाब. मग डोक्याकडून. मग दुसऱ्या बाजूने. वजन एकदा जाई, पोट वर येई, आणि वजन परत बसे. मी पायाशी बसून बघत होते. पाचव्या जागेत शिवणताईंचं पोट थांबलं. मी “ओठ” म्हणाले. बाईंचा खांदा त्यांच्या डाव्या कानावर होता. ऐकू गेलं नाही. आठ, नऊ, दहा. थाप. बाई उठल्या.

“पाच,” बाई म्हणाल्या. “चांगलं आहे.”

“उद्या सहा आहेत,” शिवणताई म्हणाल्या.

कुणी उगाच धीर दिला नाही. बाईंनी त्यांचा पट्टा सोडवून घडी करून हातात दिला.

इस्पितळातली ती खोली थंड होती. तिथल्या तंत्रज्ञाने माझ्याकडूनही अंगठी, केसातल्या पिना, घड्याळ काढून घेतलं. एका नातेवाइकाला आत थांबता येतं. नातं काय, त्याने विचारलं. “शेजारीण,” मी म्हटलं. त्याने कागदावर बहीण लिहिलं.

मग शिवणताईंना विचारलं, “अंगात कुठे लोखंडाचा तुकडा? सुई वगैरे?”

“एकदा बोटातून आरपार गेली होती. अख्खी निघाली.”

“नक्की?”

“सुई मोजून घेतल्याशिवाय मी कुणाला दुकानातून सोडत नाही. स्वतःला पण नाही.”

तो हसला. त्या हसल्या नाहीत. सैल झग्यात त्या एवढ्याशा दिसत होत्या. फळीवर बसल्या तेव्हा पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि टाचा फळीच्या कडेवर हळूहळू आपटत होत्या. गाठ लहान की मोठी, ते या फोटोतच दिसणार होतं.   पलीकडच्या खोलीत दुसऱ्या कुणाचा फोटो संपताना तिथलं मशीन ठकठकत होतं, आणि ते थांबलं तेव्हा ती शांतता आवाजापेक्षा जास्त लागली.

तंत्रज्ञाने सांगितलं, दोन्ही कानांत बोळे घालणार, वरून कानटोप, मग बाहेरचं काही ऐकू येणार नाही. फुगा हातात असेल. दाबला की मी लगेच बाहेर काढेन.

“लगेच?” शिवणताईंनी विचारलं.

“लगेच.”

त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्या आडव्या झाल्या. सांगाडा अजून बसायचा होता, बोळे त्याच्या हातात होते. त्यांनी डावा कान माझ्याकडे केला आणि माझी बाही धरून मला जवळ ओढलं.

“वहिनी, माझे पाय बाहेर राहणार आहेत. तुम्ही पायाशी उभ्या राहा आणि माझ्या पोटाकडे बघा. ते हलायचं थांबलं, तर माझ्या पायाचा अंगठा दाबा.”